माणदेशी मापाचा सांडवा

आबानं, म्हणजे माझ्या वडलांनी, घाटकोपरच्या टेकडीवर पहिलं घर बांधलं ते धाब्याचं. दगडमातीच्या भिंती आणि वर सपाट मातीचं छप्पर, त्यावर पांढरी माती चोपून चोपून बसवलेली. आमच्या माणदेशात घरं तशीच असतात. वर मिरच्या वाळवायच्या, उन्हाळ्यात वरच पथारी टाकायची. आणि पाऊस? तो येतो म्हणायचा आणि परस्पर दुसरीकडे जायचा. असल्या पावसात वाढलेला माणूस मुंबईला आला, रंगाच्या कारखान्यात पिंपं हलवायला लागला, टेकडीवर जरा मोकळी जागा दिसली तशी त्यानं डोळे झाकून बापाच्या घरासारखं घर उभं केलं. पहिल्याच आषाढात छपराला पोट आलं. एका सकाळी आई भाकरी थापत असताना अर्धं छप्पर चुलीवर आलं. आई परातीसकट मागं सरकली म्हणून वाचली. पिठात चिखल, चुलीवरच्या कोरड्यासात चिखल, माझ्या केसांत चिखल. शेजारची राणेकाकी हातात विळी तशीच घेऊन धावत आली आणि दारातच थबकली.

"अरे देवा! ह्यां घर काय ढेकळांचां बांधलास?"

"आमच्याकडं अशीच असत्यात," आबा म्हणाला.

"तुमच्याकडे पाऊस तरी पडता काय?"

पुढच्या वर्षी घरावर उतरतं छप्पर आणि मंगलोरी कौलं चढली. ही गोष्ट मी सांगते तेव्हा सगळे हसतात, मीही हसते. पण छप्पर डोक्यात पडलं म्हणून छपराची चूक कळली. बाकी आबानं गावाकडून डोक्यात काय काय घालून आणलं होतं ते दिसायला आणखी बरीच वर्षं जावी लागली.

राणेकाकीबद्दल आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. काकी मालवणकडची. काका बोटीवर, वर्षावर्षात तोंड दिसायचं नाही, त्यामुळे काकी एकटीच आणि तिचा आवाज सगळ्या ओळीला पुरणारा. तिचं घर आमच्या घराला लागून, मधे फक्त एक ओढ्याची घळ. काकी त्याला व्हाळ म्हणायची. टेकडीच्या माथ्यावरून तो पावसाळ्यात उड्या मारत यायचा, आमच्या दोन घरांच्या मधून खाली वस्तीत आणि तिथून कुठं कुठं. माथ्यावर चढलं की पूर्वेला मिठागरं आणि खाडी दिसायची, तिकडं तो जात असणार. काकी माझ्या आईला सोना म्हणायची, मला ओले काजू द्यायची, माझ्या धाकट्या भावाला, सिधूला, तिनंच पायावर घेऊन न्हाऊ घातलं. सगळं केलं. फक्त आमच्या घरात पाणी प्यायली नाही. आम्ही बौद्ध. आईनं चहा पुढं केला की काकीचा उपास निघायचा. एका माणसाचे इतके उपास असते तर काकी काडी झाली असती, आणि काकी तर दारात मावत नव्हती. आई एवढंच म्हणायची, "बरं, ऱ्हाऊ द्या मग." आम्हाला कळत होतं, काकीला कळत होतं की आम्हाला कळतंय, आणि तरी सिधूची टाळू ती तेलानं भरत होती. असं सगळं एकत्रच असतं.

तर तो ओढा. टेकडीवर नळ नव्हता. नळ पायथ्याशी, तिथं रांग, आणि भरलेली कळशी घेऊन वर चढताना गुडघे बोलायला लागायचे. आणि इथं डोळ्यांदेखत पाणी धो धो वाहून खाडीत जायचं. आबाला ते बघवायचं नाही. खरंच बघवायचं नाही, तो तोंड फिरवायचा. गावाकडं त्याच्या बापानं उतारावर ताल घातली होती, म्हणजे दगडमातीचा आडवा बांध. पडेल तेवढं पाणी अडवायचं, थेंब वाया घालवायचा नाही, हीच तिथली अक्कल. सुट्टीच्या दिवशी आबा आमच्या घराच्या वर, ओढ्याच्या खोलगट जागेत, ताल घालायला बसला. जवळच्या बंद पडलेल्या खाणीचे दगड, मधे मुरुमाची माती, वरून गवताचे गड्डे. आई पाट्या वाहायची, मीही वाहिल्या. एका कडेला त्यानं सांडवा ठेवला, जादा पाणी निघून जावं म्हणून एक खाच. हातभर रुंद. "गावाकडं एवढाच हाय," म्हणाला. त्या पावसाळ्यात तळं भरलं आणि आबा काठावर उभा राहून असा हसला की तसा मी त्याला कारखान्यातून येताना कधी बघितला नव्हता.

बायका आल्या. राणेकाकीही आली. एकीनं विचारलं, "आबा, घेऊ का पाणी?" आणि आबा एकदम कडाडला, "मागायचं न्हाई! बुडवायचं!" ती बाई दचकलीच. मला ठाऊक होतं त्याला काय झालं ते. गावात त्याची आई विहिरीच्या कडेला घागर ठेवून उभी राहायची. कुणाला दया येईल, कुणी वरून पाणी ओतेल, तोवर. ऊन डोक्यावर यायचं, तरी उभीच. लहान आबा तिच्या लुगड्याचा पदर धरून उभा. हे त्यानं आम्हाला एकदाच सांगितलं, तेही आमच्याकडं पाठ करून, भिंतीकडं बघत. म्हणून त्याच्या तळ्यावर कुणी मागायचं नाही, आपल्या हातानं कळशी बुडवायची, कुणाचीही असो. हा तळ्याचा कायदाच झाला. पोरंटोरं ओरडत जायची, मागायचं न्हाई, बुडवायचं! लोक त्याला तळ्याचा आबा म्हणायला लागले. कारखान्यात तो कुणीच नव्हता, टेकडीवर मात्र त्याच्याशिवाय पान हलेना.

फक्त आई त्या कौतुकात नव्हती. एकदा आबा जेवताना फुशारकीनं म्हणाला, "आज राणेबाई दोनदा आली पाण्याला." आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "भांडी घासायला नेती, धुण्याला नेती. माझ्या माठाला कुणी हात लावलाय का अजून? ते सांगा." आबा ताटावरून उठला. त्या दिवशी बाजरीची भाकरी आणि हरभऱ्याच्या पाल्याची भाजी होती, त्याची आवडती. तशीच राहिली. आईनं ती झाकून ठेवली आणि त्या विषयावर दोघं पुन्हा बोलले नाहीत.

ओढा अडला तशी आमच्या आणि काकीच्या मधली घळ कोरडी पडली. पावसाळ्यात सांडव्याचं पाणी आलं तरी घोट्याएवढं. काकीनं तिथं आधी कोंबड्या ठेवल्या, मग चार वासे रोवले, मग पत्रा टाकून छान पडवी केली. चूल तिथंच हलवली. नारळाच्या वाटपाचा आणि सुक्या बांगड्याचा वास आता आमच्या खिडकीतून सरळ आत यायचा, माझ्या तोंडाला पाणी सुटायचं.

मी तेव्हा दहावीत. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची. आमच्या भूगोलाच्या बाई प्रादेशिक भूगोल शिकवायच्या. मोठं जड नाव, पण त्या सोपं करून सांगायच्या. एक प्रदेश घ्यायचा. तिथं पाऊस किती, जमीन कशी, डोंगर कुठं. आणि मग बघायचं की तिथला माणूस खातो काय, घर कसलं बांधतो, कशाला भितो. निसर्ग माणसाचं काय करतो आणि माणूस निसर्गाचं काय करतो, हे एका जागी धरून बघायचं, असं त्या म्हणायच्या. एकदा त्यांनी वर्गात विचारलं, "तुमच्या घरी पाण्याचं काय करतात?" मी उठून ठणकावून सांगितलं, "आम्ही अडवतो, बाई." रत्नागिरीकडची एक मुलगी म्हणाली, "आम्ही सोडतो. घराभोवती चर खणतो आणि वाट करून देतो." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दोघींचंही बरोबर आहे, ज्या त्या गावी. आता मला सांगा, आपलं घाटकोपर कुठल्या प्रदेशात येतं?"

बाईंनी नकाशावर बोट ठेवलं. सह्याद्रीच्या अलीकडं, समुद्राच्या बाजूला. कोकणची पट्टी. घाटकोपर कोकणात! मला हे कधी सुचलंच नव्हतं. मी तर मनातून माणदेशातच राहत होते, भाकरी तीच, बोली तीच, ताल तीच. खाली बसले आणि हातभर रुंद सांडवा माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला.

घरी आले आणि आबाला म्हटलं, "आबा, घाटकोपर कोकणात येतं."

"येऊ दे की," आबा म्हणाला.

"आपला सांडवा गावच्या पावसाचा आहे. हातभर."

"इतकी वरसं टिकली नव्हं? साळंत धाडली म्हणून बापाला शिकवाय लागली व्हय गं, शके?" तो चिडला नाही, उलट हसत हसत बोलला. खरंच टिकली होती ताल. पण ज्या वर्षांत ती टिकली ती वर्षं पावसाच्या मानानं हातचं राखून गेली होती, हे आता कळतं.

त्या श्रावणात मात्र पावसानं ठाणच मांडलं. उघडीप म्हणून नाही. कपडे वाळेनात, मीठ पाझरायला लागलं, काडेपेटी चुलीच्या उबेला ठेवावी लागायची. कारखान्याकडं जायचा रस्ता पाण्याखाली गेला म्हणून आबा घरीच. मी सारखी मागच्या भिंतीकडं बघायची. तालीच्या पायथ्याशी, आमच्या भिंतीमागं, थोडं पाणी नेहमीच झिरपायचं, स्वच्छ, बारीक. त्या दिवशी दुपारी मी राख टाकायला मागं गेले आणि बघितलं तर झिरपणारं पाणी तांबडं झालं होतं. मुरुम वाहून येत होता. ताल आतून पोखरायला लागली होती.

मी हाक मारायच्या आत काकीची हाक आली, पडवीतून. "गे सोना! ह्यां पाणी तांबडां येता, बघतंस मां? बाहेर पड गे, बाहेर पड!"

खालच्या ओळीत आरडाओरडा सुरू झाला. बायका पोरं उचलून बाजूच्या उंचवट्यावर निघाल्या. आबानं कुदळ आणि पाटी घेतली आणि वर तालीकडं धावला. मला वाटलं, फोडायलाच चालला. मी मागोमाग गेले. वर बघते तर काय, तळं काठोकाठ, सांडव्यातून पाणी फेसाळत उसळतंय, आणि हा माणूस तालीवर दगड रचतोय! उंची वाढवतोय!

"आबा, फोड! सांडवा मोठा कर!"

"सांडवा मोठा केला तर ताल ऱ्हात न्हाई. सगळी घसरंल. दगुड दे म्हणतो ना!"

"अरे खाली घर आहे!"

"मला दिसत न्हाई व्हय? दगुड दे!"

त्याचे डोळे बघून मी घाबरले. पावसाला भिणाऱ्याचे ते डोळे नव्हतेच. विहिरीच्या कडेला उभ्या राहिलेल्या पोराचे होते. ती ताल गेली की तो पुन्हा तिथं जाऊन उभा राहणार होता, घागर घेऊन, आणि ते त्याला मरणापेक्षा वाईट वाटत होतं. तेव्हा मला हे शब्दांत सांगता आलं नसतं, पण कळलं होतं, अगदी पोटातून कळलं होतं. मी खाली पळाले.

घरात आई पीठ मळत होती. सिधू शेजारी रांगत होता. मागची भिंत आत फुगली होती, सारवणाला तडे गेले होते आणि तड्यांतून तांबडे ओघळ खाली येत होते. आणि ही बाई पीठ मळते!

"आई, चल! आबा ऐकत नाही, तो ताल वाढवतोय!"

आईनं सिधूला उचललं आणि माझ्या कडेवर दिलं. तिचे हात पिठाचे, सिधूच्या पाठीवर तिची बोटं उमटली. "ह्याला घेऊन वर जा. बाजूच्या खडकावर ऱ्हा. आन् तुझ्या बाला सांग, तो ताल फोडत न्हाई तवर मी ह्या घरातनं हलायची न्हाई."

"आई!"

"त्याला तळं पायजे का बायकू, त्याचं त्यानं बघावं. जा म्हणते ना!"

आणि तिनं भाकरी थापायला घेतली. थप, थप, थप. तो आवाज मी जन्मभर ऐकत आले होते, रोज सकाळी त्यानंच जाग यायची. त्या दिवशी प्रत्येक थापेला मी मागच्या भिंतीकडं बघत होते. मी रडत होते, सिधू माझ्याकडं बघून रडत होता, आणि आई आमच्याकडं बघतसुद्धा नव्हती. बघितलं असतं तर उठली असती, म्हणून नव्हती बघत.

तेवढ्यात काकी दारात. भिजून चिंब. "सोना, खुळी झालंस काय? ऊठ!"

"न्हाई उठत."

"अगे भित येतली अंगावर!"

"येऊ दे. सांडवा मोठा केला तर पाणी तुमच्या पडवीतनं जाईल, ते ठावं हाय मला. ह्यांनाबी ठावं हाय. म्हणून तुमी आधी घर सोडा काकी, तुमी जावा."

काकी उभी राहिली. दारातून पडवीकडं एकदा बघून घेतलं तिनं. तिथं तिची चूल होती, मसाल्याच्या बरण्या होत्या, वरच्या आढ्याला टांगलेलं सुकं म्हावरं होतं. मग ती आत आली आणि आईसमोर चुलीपुढं फतकल मारून बसली. मालवणी बाई, आमच्या घरात, चुलीपुढं. मी बघतच राहिले.

"व्हाळाच्या पात्रात कोण घर बांधता गे?" काकी बोलायला लागली, आईशी की स्वतःशी कळेना. "माझ्या बापाशीन मारल्यान असता माका. पण तुझ्या घोवान व्हाळ सुकवल्यान आणि माझी मती फिरली. जागा दिसली, घातलंय पत्रो. आता व्हाळ आपली जागा मागता, तर काय चुकता त्येचां? शकू, बापाशीक सांग, माझी पडवी जाता तर जांव दी. आणि सांग, मी पण हयच बसलंय."

"काकी, उठा तुमी," आई म्हणाली.

"तू ऊठ, मगे मी उठतंय."

दोघी एकमेकींकडं बघत बसल्या. भिंतीतून मातीचं एक ढेकूळ सुटून परातीजवळ पडलं. काकीचे ओठ पांढरे पडले होते. तिनं ओठांवरून जीभ फिरवली. मग म्हणाली, "सोना, पाणी दी गे. घसो सुकलो माझो."

आईचा हात भाकरीवर थांबला. घरात पाणी म्हणजे एकच, कोपऱ्यातला माठ. आई बसूनच राहिली, काकीच्या तोंडाकडं बघत, जणू ऐकलेलं खरं वाटेना. मग पिठाचे हात तसेच घेऊन उठली, माठात तांब्या बुडवला आणि काकीला दिला. काकीनं वरून ओतून घेतलं नाही. तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा प्यायली, गळ्यावरून पदरावर सांडेपर्यंत प्यायली. रिकामा तांब्या आईच्या हातात देऊन म्हणाली, "आणि एक दी."

मी पळत सुटले. पाय घसरत होते, सिधूनं माझी वेणी गच्च धरली होती. वर आबा छातीनं तालीला रेटा देऊन उभा होता, खरंच, छातीनं, जणू त्याच्या रेट्यानं तळं थांबणार होतं. मी खडकावरून ओरडले, "आबा! आई घरात बसलीय! तू फोडल्याशिवाय उठत नाही म्हणते!"

त्यानं मान वळवली. "तिला वडून काढ!"

"काकीपण बसलीय तिच्यापुढं! पडवी गेली तर जाऊ दे म्हणते!" आणि मग, का कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, काकी आपल्या माठातलं पाणी प्यायली!"

"काय?"

"आपल्या माठातलं! तांब्याला तोंड लावून! दोनदा!"

पाऊस इतका वाजत होता की त्याला ऐकू गेलं नसावं असं मला वाटलं. मग त्यानं तालीवरून छाती काढली, हातानं तोंड पुसलं. कुदळ उचलली आणि सांडव्याकडं गेला. मधोमध घाव घातला असता तर सगळं तळं एकदम आमच्या घरावर गेलं असतं, त्यामुळे घाई करून भागणार नव्हतं. त्यानं सांडव्याच्या कडेचा एक दगड काढला, थांबला, पाणी बघितलं, दुसरा काढला. स्वतः एकेक करून बसवलेले दगड, एकेक करून काढत होता आणि काढलेला प्रत्येक दगड बाजूला ठेवत होता, फेकत नव्हता. मी "लवकर, लवकर" ओरडत होते आणि तो माझ्याकडं लक्षच देत नव्हता. सांडवा दोन हात झाला, चार हात झाला. मग पाण्यानंच उरलेलं काम हातात घेतलं. ताल एका बाजूनं कलंडली आणि ओढा मोकळा सुटला.

तांबड्या पाण्याचा लोंढा घळीत शिरला. काकीची पडवी आधी जागची हलली, मग पत्र्यासकट फिरली आणि खाली गेली. आमचं घर उडालेल्या पाण्यात दिसेनासं झालं. आबा माझ्या खडकापाशी आला आणि खाली बघायला लागला. "शके, कौलं दिसत्यात का गं? दिसत्यात का?" मला काहीच दिसत नव्हतं. मी सिधूचं तोंड माझ्या खांद्यात दाबून धरलं होतं. मग पाणी जरा बसलं, आणि आमच्या कौलांमधून धूर येताना दिसला. पावसानं दाबलेला, कौलांना चिकटून सरपटणारा, पण धूर. चूल चालू होती. आबा मटकन खाली बसला, चिखलातच, आणि मोठ्यानं रडला. मोठा माणूस असा रडताना मी त्याआधी बघितला नव्हता.

पुढं मी आयुष्यभर भूगोल शिकवला. पर्जन्यछायेचा प्रदेश फळ्यावर काढताना माझा खडू सह्याद्रीपाशी थांबायचा, मुलींना वाटायचं बाई विसरल्या. विसरत नव्हते. एका बाजूला थेंब अडवणारी माणसं, दुसऱ्या बाजूला वाट करून देणारी, आणि मधे नुसती डोंगराची एक ओळ. माणसं गाडीत बसून ती ओळ ओलांडतात, पण अंगातला पाऊस जुनाच राहतो. पुस्तकात हे एका वाक्यात असायचं. मला शिकवायला अख्खा तास लागायचा, आणि तरी तांब्याची गोष्ट मी वर्गात कधी सांगितली नाही.

काकी मुद्दाम पाणी प्यायली का, हे मी पुष्कळदा विचारलं आईला. आई म्हणायची, "भ्यालेल्या माणसाला तहान लागती. त्यात काय एवढं?" आबाचं म्हणणं वेगळं होतं, पण तो ते बोलायचा नाही. बाजूला ठेवलेल्या दगडांनी त्यानं ओढ्याला दोन्ही अंगांनी भिंती घातल्या, वाट करून दिली, काकी शेजारी उभी राहून "आणखी रुंद कर, आणखी" म्हणत होती आणि तो करत होता. तळं पुन्हा बांधलं नाही. आम्ही सगळ्याच बायका पुन्हा पायथ्याच्या नळावर जायला लागलो, गुडघे धरून.

ते झालं आणि एका सकाळी उठून बघते तर कोपऱ्यातला माठ तिथं नाही. आबानं तो दारात मांडला होता, पायरीशेजारी, तिवईवर, वर तांब्या पालथा. नळावरून चढून येणारं कुणीही थांबायचं आणि प्यायचं. कुणी विचारलं की आबा आतून ओरडायचा, "मागायचं न्हाई, बुडवायचं!" काही जण आजूबाजूला बघून तसेच पुढं जायचे, तेही सांगायला हवं. काकी मात्र येता-जाता थांबायची, तांब्या तोंडाला लावायची आणि दर वेळी तोंड वाकडं करायची.

"आबा, कसलो रे ह्यो तुझो माठ? पाणी मेलां थंडच होणा नाय!"

आबा दुसऱ्याच दिवशी नवा माठ घेऊन आला.